मळ कोणता, बाटली कोणती

रसायनांचा धाक काय असतो हे डोंबिवलीकरांना कुणी सांगायची गरज नाही. २६ मे २०१६ ला एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस शेजारच्या उल्हासनगरात वालधुनी नदीत ओतलेल्या रसायनातून वायू उठला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. रात्री उग्र दर्प सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि सकाळी तक्रार करायची, हे इथल्या कितीतरी घरांच्या अंगवळणी पडलंय.

याच घरांच्या बाथरूमच्या कोपऱ्यात चार बाटल्या असतात. फरशीचं फिनाईल, संडासाचं निळं लिक्विड, पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच आणि दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं ॲसिड. कल्याणच्या जुन्या चाळीत जा, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या तिसाव्या मजल्यावर जा, ब्रँड बदलतात, बाटल्या त्याच. त्यांची गरज खरी किती, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यात पैसा आहे, घराच्या भिंती आहेत, आणि ती बाटली रोज हातात धरणाऱ्या बाईची फुप्फुसं आहेत. माझं मत आधीच सांगते: रोजच्या सफाईला क्लोरीनही लागत नाही आणि कडक ॲसिडही लागत नाही. ब्लीच लागतं ते वर्षातल्या मोजक्या प्रसंगी, आणि नेमकं त्या प्रसंगी आपण ते धड वापरत नाही.

घोळ सुरू होतो तो सगळा मळ एकच समजण्यापासून. स्वयंपाकघरातला चिकट थर हा फोडणीच्या तेलाचा. तो निघतो अल्कधर्मी पदार्थाने, म्हणजे साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने. नळावरचा पांढरा खरबरीत थर पाण्यातल्या क्षारांचा. त्यावर साबण आणि सोडा दोन्ही निकामी, तिथे आंबट काहीतरी हवं. भिंतीवरचे काळे ठिपके बुरशीचे, त्यांचं मूळ ओलीत. आणि फरशीवरची रोजची धूळ ही नुसती धूळ असते, तिला पाणी पुरतं. ब्लीच यातलं काय करतं? रंग उडवतं आणि जंतू मारतं. तेल ते कापत नाही, क्षार विरघळवत नाही, धूळ उचलत नाही. तरी चारही ठिकाणी तेच ओतलं जातं, कारण त्याच्या वासाने काम झाल्यासारखं वाटतं.

वासाचा हा पगडा जुना आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हा जंतूंचा सिद्धान्त मांडला जायचा होता. शवविच्छेदनानंतर हातांना राहणारा वास ज्याने जातो ते द्रव्य त्यांनी निवडलं होतं. त्यांचा अंदाज अचूक ठरला. पण दुर्गंध गेला म्हणजे रोग गेला, ही समजूत तेवढ्यावर थांबली नाही, आणि तिची जबर किंमत आपल्या मुलखाने मोजली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर सरकारने घरं धुण्याची मोहीमच उघडली. कार्बोलिक ॲसिडचे फवारे, चुन्याचे हात, गटारांत ओतलेली जंतुनाशकं, ऊन आत यावं म्हणून उतरवलेली कौलं. मुंबईबाहेर पडणाऱ्या गाड्यांतल्या उतारूंची तपासणी कल्याण जंक्शनवर व्हायची. लोकांच्या घरात घुसून सामान बाहेर काढण्याच्या त्या पद्धतीने पुण्यात काय संताप पेटला, ते सर्वांना ठाऊक आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. भिंतींवर मारलेल्या कार्बोलिकने उंदरांचं आणि पिसवांचं फारसं काही बिघडत नव्हतं. रोग कसा पसरतो हे न कळता मारलेलं जंतुनाशक किती वाया जातं, याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

तेच २०२० मध्ये पुन्हा घडलं. मार्चअखेरीस उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की माणसांवर असा फवारा मारू नका, त्याने डोळे, त्वचा आणि श्वासनलिकेला इजा होते. आपल्याकडच्या सोसायट्यांतही त्या काळात जिने, लिफ्टची बटणं, दुधाच्या पिशव्या, भाज्या, सगळ्यावर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, चाललं होतं. तेव्हाची भीती खरी होती, तिला नावं ठेवायची नाहीत. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने उपलब्ध पुरावा मांडला तेव्हा चित्र स्पष्ट झालं: विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी, आणि घरात कुणी आजारी नसेल तर साबण-पाण्याने पुसणं बहुतेक ठिकाणी पुरेसं. साथ ओसरली, पण तेव्हाचे पाच लिटरचे कॅन घरात येत राहिले.

साबणाचं पारडं किती जड आहे हे सांगणारा पुरावा आपल्याला ओळखीच्या वाटाव्यात अशा वस्त्यांमधून आलाय. कराचीच्या झोपडपट्ट्यांत स्टीफन लुबी आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक साबण, आणि हात धुण्याची सवय लावली. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब ५३ टक्क्यांनी घटले. साध्या आणि जंतुनाशक साबणात फरक आढळला नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक हात-अंग धुण्याच्या साबणांतून हटवायला लावले, तेही याच कारणाने: साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. साबण जंतूंना पृष्ठभागावरून सोडवतो, पाणी त्यांना वाहून नेतं. प्रत्येक जंतू जागच्या जागी मेलाच पाहिजे, असं घरगुती सफाईत काही नसतं.

आता बाथरूमकडे वळू, कारण ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या घरांचं खरं दुखणं तिथे आहे. धरणातलं आणि उल्हास नदीतलं पाणी तसं मऊ. पण घोडबंदर रोडच्या बऱ्याच संकुलांना आणि डोंबिवलीच्या आसपासच्या २७ गावांतल्या नव्या इमारतींना टँकर आणि बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो. ते पाणी अनेकदा जड असतं. गरम पाण्याच्या नळाखाली, कमोडच्या कडेला, बादलीच्या तळाशी क्षार धरतात. पाण्यात लोह असेल तर डाग पिवळे-तांबूस होतात. या डागावर ब्लीच ओतणं म्हणजे नुसतं निरुपयोगी नाही, उलटं काम आहे. ब्लीच लोहाचं ऑक्सिडीकरण करतं आणि गंजाचा डाग आणखी पक्का बसतो.

मग ॲसिड येतं. ते डाग काढतं, यात शंका नाही. पण हे ॲसिड, म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक, क्षार खातं तसंच सिमेंटही खातं. टाइल्सच्या सांध्यात भरलेलं व्हाईट सिमेंट हे त्याचं पहिलं भक्ष्य. सांध्यावर ॲसिड पडलं की बारीक फेस येतो. तो मळाचा फेस आहे असं समजून समाधान मानलं जातं. वास्तविक सिमेंटमधला चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. वर्षानुवर्षं दर आठवड्याला हे झालं की सांधे पोकळ होतात, पाणी खाली झिरपतं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. सोसायटीच्या सभेत गळतीवरून होणारी कितीतरी भांडणं प्लंबरपर्यंत जातात, पण ॲसिडच्या बाटलीपर्यंत कुणी पोचत नाही. खालच्या घरात त्या ओलीवर बुरशी धरते, आणि ते लोक बुरशीवर ब्लीच मारतात. भिंत सच्छिद्र असते. ब्लीचमधलं क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतं आणि त्यातलं पाणी मात्र आत मुरतं. काळा रंग जातो, चार आठवड्यांत परत येतो. गळती थांबवून भिंत वाळू दिल्याशिवाय त्या बुरशीला उपाय नाही.

जुन्या डोंबिवलीतल्या इमारतींत मोझॅक टाइल्स आणि कडप्प्याचा ओटा अजून दिसतो. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे, कडप्पा हा चुनखडीचाच दगड. ॲसिडने दोन्हीची झिलई जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि खडबडीत पृष्ठभाग जास्त मळ धरतो. स्टीलच्या सिंकला ब्लीचचं वावडं. क्लोरीनने स्टीलवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

मग काय वापरायचं? किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. कोमट पाण्याच्या तांब्यात दोन चमचे विरघळवा, त्यात जुना पंचा भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि तासभर विसरून जा. पंचा सोडवताना क्षाराचा थर ओल्या खडूसारखा बोटाला लागतो, आणि भांड्याच्या घासणीने निघून येतो. सिमेंटवर आणि कडप्प्यावर हेही ओतू नये, आम्ल ते आम्लच, पण नळ, शॉवर, गीझरची जाळी यांना ते पुरेसं आहे. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर वर्षभराचं तेल बसलं असेल तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून पाती अर्धा तास बुडवा. तेल तपकिरी होऊन पाण्यावर तरंगतं. ॲल्युमिनियमची जाळी मात्र सोड्याने काळवंडते, तिला भांड्याचा साबणच बरा. आपल्या आज्या राखेने भांडी घासत आणि चिंच-कोकमाने तांबं-पितळ उजळवत, तेव्हा त्या हेच करत होत्या. राख अल्कधर्मी, ती तुपातेलाचा ओशटपणा काढते; चिंच आम्ल, ती तांब्यावरचा काळा थर काढते. कुठल्या मळाला काय लागतं ते त्यांना हाताने माहीत होतं. ठाण्यातून उभ्या राहिलेल्या पितांबरीने चिंचेची जागा पुडीला दिली, तरी पितळेच्या समईला वेगळी पुडी लागते ही समज तिने टिकवून ठेवली. बाथरूमच्या बाबतीत ती समज हरवली.

याचा अर्थ नैसर्गिक म्हटलं की सगळं छान, असा मात्र नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात, मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत. लिंबू-संत्र्याच्या साली आणि गूळ महिनोन्‌महिने आंबवून बायोएन्झाइम करणाऱ्या अनेक सोसायट्या ठाण्यात, डोंबिवलीत आहेत. ओला कचरा कमी होतो आणि सौम्य आंबट सफाई-द्रव मिळतो, हे चांगलंच. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू असताना त्यावर भिस्त ठेवू नये. गोमूत्राच्या किंवा कडुनिंबाच्या फरशी-क्लीनरबद्दलही हेच. फरशी पुसायला चालेल, जंतुनाशक म्हणून त्यांना ब्लीचच्या पंक्तीत बसवता येत नाही.

स्वयंपाकघरातली सर्वांत घाणेरडी वस्तू कुठली म्हणाल तर ओटा पुसायचं ओलं फडकं. ते दिवसभर ओलं राहतं, त्यात अन्नाचे कण असतात आणि जंतू मजेत वाढतात. फिनाईलने पुसलेल्या फरशीपेक्षा या फडक्याकडे लक्ष द्यायला हवं. रोज साबणाने धुवावं, उन्हात कडक वाळवावं, आठवड्यातून एकदा उकळावं. एवढ्याने होतं.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. संडासाच्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्र इथे शस्त्र म्हणून वापरला गेला. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि जमिनीलगत वाकून घासणारी व्यक्ती तो आधी श्वासात घेते. आपल्याकडची बाथरूम चार फूट बाय पाच फुटांची, झरोका वर, दार लोटलेलं. डाग निघत नाही म्हणून एका लिक्विडवर दुसरं ओतलं जातं, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, छाती भरून येते. असं झालं तर बाटली, बादली सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत यायचं; आणखी काही ओतून निस्तरायला जायचं नाही. दम लागत राहिला तर डॉक्टरकडे जायचं, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते.

ॲसिडबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये लक्ष्मी खटल्यात खुल्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. त्यामागचं कारण ॲसिडहल्ल्यांचं होतं. पण संडासाचं म्हणून जे सुटं ॲसिड मिनरल वॉटरच्या जुन्या बाटलीत विकलं जातं, त्यावर ना नाव, ना तीव्रता, ना इशारा. मिनरल वॉटरची बाटली दिसली की मूल ती तोंडाला लावतं. हा एक प्रकार घरातून आजच्या आज हद्दपार करावा असं मला कळकळीने वाटतं.

आणि हे सगळं ओततं कोण? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हजारो घरांत फरशी-संडासाचं काम करणाऱ्या मावशी, ताई. दिवसाला पाच-सहा घरं, प्रत्येक घरात वेगळी बाटली. घरमालकीण आठवड्यातून एकदा जो वास घेते तो या बायका रोज पाच-सहा वेळा घेतात. हातमोजे क्वचित. एकीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वास नाही आला तर बाई म्हणतात, नीट पुसलं नाही." तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोलपटलेली होती.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपातल्या ६,२३५ जणांच्या वीस वर्षांच्या नोंदी मांडल्या. घरची सफाई करणाऱ्या आणि सफाईचं काम करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटत गेलेली दिसली. अमुक एका बाटलीवर त्यातून दोष ठेवता येत नाही. पण अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये, जंतुनाशकं नियमित हाताळणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं प्रमाण जास्त आढळलं, तेव्हा दोन्हीचा रोख एकाच दिशेला आहे. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण बाथरूममध्ये काय ओतायचं हे अजून त्या घरची माणसंच ठरवतात. म्हणूनच बाटली निवडताना आपल्या नाकाला काय आवडतं हे पाहून भागत नाही.

तर मग ब्लीच कधी? आपल्या भागात पहिलं उत्तर पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उल्हास नदीच्या पाण्याने कल्याण-बदलापूर पट्टाही बुडाला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा पुन्हा तेच. घरात शिरलेल्या पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांचं मूत्र असतं, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. अशा वेळी ब्लीच हवंच. घरात कॉलरा, कावीळ किंवा जोराचे उलट्या-जुलाब असतील तेव्हा संडास, नळ, दाराच्या कड्या यांना हवं. रक्त सांडलं असेल तर हवं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला हवं. घरगुती गरजेची यादी साधारण एवढीच.

या वेळी मात्र ते मापात वापरावं. आधी साबणाने धुऊन मळ काढायचा, कारण मळावर क्लोरीन खर्च होऊन जातं आणि जंतूंसाठी उरत नाही. मग ०.१ टक्क्याचं द्रावण: चार टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर गार पाण्यात २५ मिलिलिटर. ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला तीन ग्रॅम, ढवळून, गाळ बसू देऊन, वरची निवळ घ्यायची. रक्तासाठी पाचपट कडक. लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पुसायचं. खिडकी उघडी, हातात मोजे, द्रावण त्याच दिवशी संपवायचं. आपल्याकडे बहुधा उलट चालतं: न मोजता ओतायचं आणि लगेच पाणी मारायचं. त्यात वास भरपूर सुटतो आणि जंतू मरायला वेळ मिळत नाही.

राहता राहिली पावसाळ्यात गटारांच्या कडेने दिसणारी पांढरी रेघ. गावाकडे जिला टीसीएल म्हणतात तीच ही ब्लीचिंग पावडर. जमिनीवर भुरभुरलेल्या पावडरीचं क्लोरीन हवेत उडून जातं किंवा चिखलात संपतं. डास त्याने मरत नाहीत, साचलेलं पाणी हलत नाही. नगरसेवकाला फोन करून ती टाकून घेण्यापेक्षा लोकांनी सोसायटीच्या टाकीकडे बघावं. टाकी उपसून घासून घ्यावी, झाकण घट्ट बसतंय का पाहावं. पाणी गढूळ आलं, जलवाहिनी फुटली, पूर येऊन गेला, अशा वेळी दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर भिजवून तिची निवळ टाकीत घालावी, आणि तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने नळाचं पाणी तपासावं. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. ही टेस्ट ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी नित्य करतात; शहरातल्या सोसायटीच्या वॉचमनला ती दहा मिनिटांत शिकवता येते.